निदानाआधी औषध: तब्येत आणि पैसा, दोन्हीकडे होणाऱ्या या चुका टाळा

ओपीडीत रोज ऐकतो ते वाक्य असं: "डॉक्टरसाहेब, तपासण्या मग पाहू, आधी काहीतरी पॉवरफुल लिहून द्या." तोच माणूस महिन्याभराने बरा होऊन येतो आणि उठता उठता विचारतो, "पाच लाख पडून आहेत, कुठे टाकू?" दोन्ही वेळा चूक एकच आहे. दुखणं काय ते ठरलेलं नाही, पण औषधाचं नाव मात्र आत्ताच्या आत्ता हवं आहे.

मी फिजिशियन आहे, गुंतवणूक सल्लागार नाही. कुठला शेअर घ्यावा हे मी कुणाला सांगत नाही. पण पैशाच्या चुकीच्या निर्णयाने झोप उडालेली, बीपी चढलेलं, औषधं परवडेनात म्हणून अर्धवट सोडलेली माणसं शेवटी माझ्यासमोर येऊन बसतात. म्हणून या दोन्ही खात्यांबद्दल एकत्र लिहितोय.

ताप आला की 'टायफॉईड निघाला'

या एका चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण विदर्भात दर पावसाळ्यात ती शेकड्याने होते. ताप दोन दिवसांचा असतो, कुणीतरी विडाल टेस्ट करायला लावतं, रिपोर्टवर '१:१६०' असा आकडा येतो आणि घरभर टायफॉईड जाहीर होतो. विडाल टेस्ट जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं मोजते. आपल्याकडे टायफॉईड इतका पसरलेला आहे की जुन्या संसर्गामुळे कित्येक धडधाकट माणसांतही ही टेस्ट पॉझिटिव्ह येते. दुसऱ्याच कुठल्या तापातही येते. एकट्या विडालवर टायफॉईड म्हणणं म्हणजे अंदाजाला रिपोर्टचं कव्हर घालणं. टायफॉईडचा खरा पुरावा ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं. ते पहिल्या आठवड्यात आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी घ्यायचं असतं. रिपोर्टला काही दिवस लागतात, आणि तेवढा धीर कुणाकडे नसतो.

सप्टेंबरअखेरची गोष्ट. पंचेचाळिशीतल्या एक शेतकरी बाई, नऊ दिवसांचा ताप. हातात तीन विडाल रिपोर्ट, पाच दिवस सेफ्ट्रायॅक्सोन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं झालेली, रोज एक सलाईन. प्लेटलेट सत्तर हजारांवर आल्या म्हणून नातेवाईक नागपूरला न्यायच्या तयारीत. डेंग्यूची एनएस-१ ही रक्ततपासणी निगेटिव्ह. सोबतचा मुलगा म्हणाला, "साहेब, आईचा ताप उतरूनच नाही राहिला, काही भारी इंजेक्शन असंल तर सांगा."

मी सिस्टरना पडदा ओढायला सांगितलं आणि बाईंना डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. डाव्या कमरेवर, परकराची नाडी बसते तिथे, मसुराएवढी काळी खपली होती आणि भोवती लाल कडं. सिगारेटचा चटका बसावा तशी. दुखत नाही, खाजत नाही. बाई म्हणाल्या, "ते नाडी घासून झालं असंल." ते नाडीचं नव्हतं. गवतातल्या बारीक माइटची अळी चावते तिथे अशी खपली पडते, आणि त्या अळीतून जो ताप येतो त्याचं नाव स्क्रब टायफस. २०१८ साली नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत याचा मोठा उद्रेक झाला होता. हा जंतू पेशींच्या आत राहतो, त्यामुळे सेफ्ट्रायॅक्सोन कितीही दिलं तरी त्याच्यावर चालत नाही. डॉक्सिसायक्लिन हे साधं अँटिबायोटिक चालतं. दोनशे रुपयांच्या आत पूर्ण कोर्स होतो. तिसऱ्या दिवशी बाईंचा ताप गेला आणि त्यांनी भाकर मागितली. स्क्रब टायफसच्या आयजीएम या रक्ततपासणीचा पॉझिटिव्ह रिपोर्ट त्यानंतर आला. तोवर त्या घराचे अठरा हजार रुपये आधीच्या इलाजावर गेले होते.

नऊ दिवसांत त्या बाईंचं पोट-पाठ कुणी नीट पाहिलं नव्हतं. रिपोर्ट तीनदा पाहिला गेला.

माझी पद्धत विचाराल तर ती पुस्तकापेक्षा सवयीची आहे. पावसाळ्यानंतरच्या तापात काख, जांघ, कंबर, कानामागची जागा पाहिल्याशिवाय मी पेन उचलत नाही. शेतात गेला होता का, गवतावर बसला होता का, घरात आणखी कुणाला ताप आहे का, हे विचारतो. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), मलेरियाची स्लाइड, पहिल्या पाच दिवसांत डेंग्यूची एनएस-१ आणि गरज वाटली तर ब्लड कल्चर करतो. तोवर फक्त पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. डेंग्यूची शंका असताना डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नाही. अपवाद एकच: बीपी पडलंय, धाप लागतेय, माणूस गुंगीत आहे. अशा वेळी रक्त काढून घेऊन लगेच अँटिबायोटिक सुरू करायचं, रिपोर्टची वाट बघायची नाही.

आणि सलाईनबद्दल. पेशंट तोंडाने पाणी पिऊ शकत असेल तर बाटलीने ताकद येत नाही. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच चमचे. तेवढी लिंबू सरबतात घालून प्यायली तर सुई टोचावी लागत नाही.

छातीतला 'गॅस'

चाळिशीनंतर छातीत दडपण, जबडा किंवा डावा हात जड, दरदरून घाम: हे गॅस म्हणून घरी इनो पिऊन बसायचं दुखणं नाही. तासाभरात ईसीजी झालाच पाहिजे. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी ट्रोपोनिन ही हृदयाला इजा झालीय का ते सांगणारी रक्ततपासणी करायची, पुन्हा ईसीजी काढायचा. मधुमेही माणसांना आणि बायकांना बऱ्याचदा छातीत दुखतच नाही, नुसता दम लागतो किंवा मळमळतं. यात घाई करा. इथे घाई हाच शहाणपणा आहे.

पन्नाशीपुढच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन लोह कमी पडल्याने उतरलं असेल तर नुसतं टॉनिक देऊ नका, घेऊ नका. आधी पोटात, आतड्यात रक्त कुठे जातंय ते शोधा.

गुरुजींची पिशवी

निवृत्त शिक्षक, वय ६१, एका गोळीवर बीपी वर्षानुवर्षं १३०/८० च्या आसपास. एकदम १७०/१०० झालं. "गोळी वाढवून द्या," म्हणाले. १७० वर माणसाला तसंच सोडता येत नाही, म्हणून दुसरी गोळी सुरू केली. पण बीपी कारणाशिवाय असं उडी मारत नाही. गुडघ्यासाठी पेनकिलर घेता का? नाही. लोणचं-पापड वाढलं का? नाही. झोप? गुरुजी गप्प झाले. सोबत आलेल्या बाई, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, "दोन वाजता उठून बसतात, डॉक्टर."

मग रिपोर्टांच्याच प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी एक जाड लिफाफा काढला. विमा कंपनीचा बॉन्ड, म्हणजे पॉलिसीचे कागद, वर्षभरापूर्वीचा, न फोडलेला. निवृत्तीचे बत्तीस लाख बँकेत जमा झाले त्याच आठवड्यात बँकेच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला होता आणि "एफडीसारखंच आहे, व्याज जास्त" म्हणून सह्या घेतल्या होत्या. गुरुजींना वाटलं, पाच लाख एकदाच भरायचे. आता दुसऱ्या हप्त्याचा एसएमएस आला होता. लिफाफा फोडला तेव्हा कळलं: दर वर्षी पाच लाख, दहा वर्षं, पैसे हातात पंधराव्या वर्षी. म्हणजे वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी.

गुरुजींची गरज काय होती? पेन्शनला जोड म्हणून ठरावीक रक्कम आणि बाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी हाताशी पैसा. हे दोन प्रश्न कुणी विचारले नव्हते. प्रपोजल फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात 'धंदा' आणि उत्पन्न पंधरा लाख असं लिहिलेलं होतं, खाली गुरुजींची सही. खातरजमा करायला कंपनीचा फोन आला तेव्हा समोर बसलेल्या साहेबांनी "सगळ्याला हो म्हणा" असं सांगितलं होतं.

तो चुकीचा फॉर्मच शेवटी पुरावा म्हणून कामी आला. तक्रार आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे केली, मग विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालांकडे. हप्ता परत मिळाला, व्याज नाही मिळालं. निवृत्तीच्या पैशातले वीस लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले, दर तिमाहीला ४१,००० रुपये येऊ लागले. पुढे ती दुसरी गोळी मला बंद करता आली.

पॉलिसी हातात पडली की त्याच दिवशी लिफाफा फोडा. २०२४ पासून विचार बदलायला ३० दिवस मिळतात, त्या दिवसांत पॉलिसी परत करता येते. हप्ता किती वर्षं, पैसे कोणत्या वर्षी, मधेच सोडली तर किती, ही तीन उत्तरं कागदावर सापडली नाहीत तर ती परत करा. समजावणारा कितीही ओळखीचा असो.

"कुठे टाकू" विचारणाऱ्याला मी उलट विचारतो: क्रेडिट कार्डाचं किंवा हातउसनं कर्ज आहे का? सहा महिन्यांचा खर्च बचत खात्यात आहे का? तुमच्यामागे कोण अवलंबून आहे, टर्म विमा (नुसता मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा) आहे का? हे पैसे कधी लागणार? कार्डावर वर्षाला ३६ टक्क्यांच्या वर व्याज भरत असताना म्युच्युअल फंड शोधणं हा वेडेपणा आहे, आधी कार्ड फेडा. तीन वर्षांत लागणारा पैसा शेअरबाजारात नको. दहा वर्षं लागणार नाही असा पैसा मी स्वतः निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात, म्हणजे त्या निर्देशांकातल्या पन्नास कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात घालतो, डायरेक्ट प्लॅनमध्ये. डायरेक्ट प्लॅन २०१३ पासून आहेत, त्यात एजंटचं कमिशन नसतं. हे इतकं साधं आहे की ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याला गुपित हवं असतं.

आरोग्य विम्यात लपवाछपवी

"केसपेपरवर शुगर जुनी आहे असं लिहू नका" ही विनंती मी मान्य करत नाही. ते खोटं आहे, आणि पुढच्या डॉक्टरला त्यातून चुकीची माहिती जाते. शिवाय त्यात तुमचंच नुकसान आहे. २०२४ च्या नियमांनुसार आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं. आजार सांगितला आणि तीन वर्षं गेली की क्लेम हक्काचा. लपवला तर नेमक्या ऑपरेशनच्या वेळी जुनं प्रिस्क्रिप्शन बाहेर येतं.

खोलीच्या भाड्याची अटही आधी वाचा. पाच लाखांच्या पॉलिसीत एक टक्क्याची मर्यादा असेल तर दिवसाला पाच हजारांची खोली. दहा हजारांची घेतली तर फक्त भाडंच नाही, डॉक्टरांची आणि ऑपरेशन थिएटरची फीसुद्धा निम्मीच मिळू शकते.

फुल बॉडी पॅकेज

नॉर्मल रेंज अशी ठरवलेली असते की शंभर निरोगी माणसांतली पंचाण्णव तिच्यात बसावीत. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या तर ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के येते. मग त्या एका लाल आकड्यामागे सोनोग्राफी, सीटी, महिनाभराची धास्ती. तक्रार, वय आणि घराण्यातला आजार बघून मोजक्या तपासण्या करा. बीपी मोजायचं तर जिना चढून आल्या आल्या, तंबाखू तोंडात ठेवून नको. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, मग दोनदा मोजा.

बरं वाटलं म्हणून गोळी बंद, पडलं म्हणून एसआयपी बंद

बीपी नॉर्मल आलं ते गोळीमुळे आलं. ते पाहून गोळी बंद करणारे लोक काही वर्षांनी अर्धांगवायूने ॲडमिट होतात, आणि हे मला फार वेळा पाहावं लागतं. बंद करायची असेल तर विचारून करा, घरी मोजत राहा.

एसआयपीचं, म्हणजे दर महिन्याला फंडात ठरावीक रक्कम घालण्याचंही तेच. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी, तेरा टक्क्यांच्या वर पडला आणि २५,९८१ वर बंद झाला. त्या आठवड्यात घाबरून सगळं विकणारे माझ्या ओळखीत बरेच होते. नोव्हेंबरात निर्देशांकाने जानेवारीचा उच्चांक ओलांडला. दर वेळी इतक्या लवकर होत नाही: जानेवारी २००८ ची एकवीस हजारांची पातळी टिकून ओलांडायला २०१३ उजाडलं. म्हणून तर लवकर लागणारा पैसा तिथे नको म्हणतो.

थोडक्यात उरलेल्या

एक-दोन टक्के जास्त व्याजासाठी सगळी पुंजी एका पतसंस्थेत नको. बँकेतल्या ठेवीला माणशी, बँकेमागे पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला तो नाही. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा ही मर्यादा एक लाखच होती.

ऑपरेशनची तारीख ठरल्यावर विमा काढायला धावू नका, तो मिळत नाही.

आणि नव्या डॉक्टर मुलांना: नाइट ड्युटीवर ऑप्शन्स, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरचे सौदे, खेळू नका. शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या शंभरातल्या ९३ जणांचं नुकसान झालेलं दिसलं, माणशी सरासरी सुमारे दोन लाख. तुमचा महिन्याचा स्टायपेंड त्याहून मोठा नाही, आणि मॉनिटरवर नजर हवी त्या वेळी ती फोनवर असते. वॉर्डात शिरताना फोनवरचं ट्रेडिंगचं ॲप काढून टाका.