नेट रन रेट काढायचा कसा? केळीची पट्टी कळते, त्याला हेही कळतं

वर्ल्ड कप असो की आशिया कप, चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावात पॉइंट टेबल लिहायचं काम माझ्याकडे असतं. सोसायटीच्या ओट्यावर काळा फळा आहे, संध्याकाळी पोरं तिथंच जमतात. पुतण्या म्हणतो, "काका, मोबाईलवर सगळं तयार मिळतं, कशाला खडू झिजवता?" नेट रन रेट, म्हणजे गुण सारखे झाले की कोण पुढे ते ठरवणारा आकडा, मोबाईल मॅच संपल्यावर दाखवतो. आपल्याला तो मॅच चालू असताना हवा असतो: आत्ता किती षटकांत जिंकलं तर पुढे जाऊ? त्यासाठी हिशोब स्वतःला यायला हवा.

पहिली चूक सगळे एकच करतात. प्रत्येक मॅचचा रन रेट काढतात आणि त्यांची सरासरी घेतात. आपल्या केळीचंच बघा. ४० क्विंटल माल १२०० ने गेला आणि १० क्विंटल १७०० ने, तर सरासरी भाव १४५० पडला असं कोणी शेतकरी म्हणेल का? एकूण पैसे ६५ हजार, एकूण माल ५० क्विंटल, भाव पडला १३००. इथंही तसंच. स्पर्धेतल्या सगळ्या मॅचच्या धावांची एक बेरीज, षटकांची एक बेरीज, मग भागाकार. केलेल्या धावांच्या गतीतून दिलेल्या धावांची गती वजा केली की नेट रन रेट.

फळ्यावर चार रकाने पाडा: केलेल्या धावा, खेळलेले चेंडू, दिलेल्या धावा, टाकलेले चेंडू. षटकं नाही, चेंडूच लिहा. ३७.१ म्हणजे सदतीस षटकं आणि एक चेंडू, दशांश नव्हे. त्याचे २२३ चेंडू होतात. भागाकार झाला की सहाने गुणायचं.

संघ सर्वबाद झाला तर खेळलेले चेंडू नाही, पूर्ण ३०० धरायचे. २०१९ च्या वर्ल्ड कपमध्ये वेस्ट इंडीजने पाकिस्तानला २१.४ षटकांत १०५ वर गुंडाळलं. रेट धरला ५० षटकांचा, म्हणजे २.१०. विंडीजने १३.४ षटकांत १०८ केल्या, म्हणजे ७.९०. पहिल्याच सामन्यात पाकिस्तान उणे ५.८०. पुढे पाकिस्तान आणि न्यूझीलंड दोघांचे ११ गुण झाले, जिंकलेले सामनेही पाच-पाच. पाकिस्तानने न्यूझीलंडला हरवलेलं असूनही सेमी फायनलला न्यूझीलंड गेलं. तो पहिल्या सामन्याचा खड्डा शेवटपर्यंत भरला नाही.

पावसाने मॅच रद्द झाली तर ती यात धरायचीच नाही. डकवर्थ-लुईसने, म्हणजे पावसामुळे लक्ष्य बदलायच्या पद्धतीने, लक्ष्य बदललं आणि मॅच पूर्ण झाली तर पहिल्या संघाच्या धावा म्हणजे नवं लक्ष्य वजा एक, आणि षटकं दुसऱ्या संघाला मिळाली तेवढी.

आता मुख्य गोष्ट. ५ सप्टेंबर २०२३, लाहोर, आशिया कप. श्रीलंकेने २९१ केल्या. पुढच्या फेरीत जायला अफगाणिस्तानला नुसतं जिंकून भागणार नव्हतं, रेटमध्ये श्रीलंकेच्या पुढे जायचं होतं. आधी बांगलादेशाविरुद्ध ते २४५ वर सर्वबाद झाले होते आणि ३३४ दिल्या होत्या. ३७.१ षटकांत २९२ धरून पाहा. त्यांच्या ५३७ धावा ५२३ चेंडूंत, रेट ६.१६१. दिलेल्या ६२५, ६०० चेंडूंत, ६.२५०. नेट उणे ०.०८९. श्रीलंकाही आधी बांगलादेशाशी खेळली होती; ती मॅच धरून तिच्या केलेल्या आणि दिलेल्या, दोन्ही ४५६ च. फक्त केल्या ५३४ चेंडूंत, दिल्या ५२३ चेंडूंत. नेट उणे ०.१०८. अफगाणिस्तान पुढे. एक चेंडू उशीर केला की श्रीलंका पुढे.

म्हणून मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: ३७.१. सदतीस षटकं झाली तेव्हा अफगाणिस्तानच्या २८९ झाल्या होत्या. शेजारचे आबा ओट्यावरून विचारत होते, "आते कितला पाहिजेत रे भो?" मी सांगितलं, "एका चेंडूत तीन." मुजीब उंच मारायला गेला आणि झेलबाद झाला. मी फळा पुसला, पोरं घरी निघाली. तिकडे शेवटचा फलंदाज फारूकीने दोन चेंडू नुसते अडवले आणि तिसऱ्यावर पायचीत झाला. समोरच्या टोकाला राशिद खान उभाच राहिला. दोन धावांनी हार.

पण मुजीब बाद झाला तेव्हा संधी गेली नव्हती! विजयी फटका चौकार किंवा षटकार असला तर त्याच्या पूर्ण धावा धरतात. बरोबरी करून षटकार मारला तर २९७ होतात, आणि धावा वाढल्या की चेंडूही जास्त मिळतात. अफगाणिस्तानचे तेव्हाचे प्रशिक्षक जोनाथन ट्रॉट यांनी नंतर सांगितलं की हे आकडे त्यांना कुणी कळवलेच नव्हते. ते वाचलं आणि पहाटे उठून मी वहीत पुन्हा गणित मांडलं. एकेरी धाव काढून राशिदला स्ट्राइक दिली असती तर... अजून जीव हळहळतो.

तेव्हापासून फळ्यावर एक आकडा लिहीत नाही, सहा लिहितो. आधी लक्ष्य, मग पुढे एकेक धाव वाढवत षटकारापर्यंत. प्रत्येकासमोर शेवटचा चालणारा चेंडू. त्या दिवशीचा तक्ता असा हवा होता:

२९२ – ३७.१
२९३ – ३७.२
२९४ – ३७.३
२९५ – ३७.५
२९६ – ३८
२९७ – ३८.१

हे सगळं पहिला डाव संपल्यावर, मधल्या सुट्टीतच करून ठेवा. शेवटच्या षटकात हात थरथरतो, भागाकार होत नाही. आणि तक्त्यातली शेवटची ओळ ओलांडली जाईपर्यंत फळा पुसू नका.