क्रूड उतरलं म्हणून टायरचा शेअर घेताय? या चुका टाळा

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये ब्रेंट क्रूड, म्हणजे कच्चं तेल, पिंपामागे ७० डॉलरच्या खाली जाऊन आलं आणि त्याच आठवड्यात मी एका टायर कंपनीचे शेअर घेतले. हिशेब सरळ वाटला होता. टायर म्हणजे पेट्रोरसायनं, क्रूड उतरलं की कच्चा माल उतरणार आणि नफा चढणार. नोव्हेंबरमध्ये तिमाहीचा निकाल आला तेव्हा विक्री वाढली होती आणि नफा आडवा झाला होता. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. मी भलत्याच मालाचा भाव बघत बसलो होतो.

तेव्हापासून टायर कंपन्यांचे अहवाल हट्टाने वाचतो. सोयीसाठी इथे मुख्यतः अपोलो टायर्सचं उदाहरण घेतो. केरळपासून हंगेरीपर्यंत कारखाने, थोडा हिशेब रुपयात आणि थोडा युरोत, शिवाय एक गाजलेला फसलेला सौदा. वाचणाऱ्याला अडखळायला लावणारं सगळं एकाच घरात आहे.

क्रूडवरून कच्च्या मालाचा अंदाज बांधणं

सिंथेटिक (कृत्रिम) रबर, कार्बन ब्लॅक (रबर मजबूत करणारी काळी भुकटी) आणि नायलॉन कॉर्ड (टायरच्या आतले धागे) या मालाचा भाव क्रूडच्या मागे चालतो, हे खरं. पण नैसर्गिक रबर झाडावर पिकतं आणि त्याचं गणित निराळं. ट्रकच्या टायरमध्ये नैसर्गिक रबराचं प्रमाण जास्त असतं, कारच्या टायरमध्ये सिंथेटिकचं. त्यामुळे ट्रक-बसचे टायर जास्त विकणाऱ्या कंपनीला कोट्टायमचा, म्हणजे केरळातल्या रबर बाजाराचा, भाव अधिक झोंबतो.

भारतात वर्षाला साडेआठ लाख टनांच्या आसपास नैसर्गिक रबर पिकतं आणि वापर १४ लाख टनांच्या वर आहे. उरलेलं बाहेरून आणावं लागतं आणि त्यावर २५ टक्के किंवा किलोला ३० रुपये, यातलं जे कमी असेल तेवढं आयातशुल्क बसतं. भाव चढला म्हणून लगेच पीक वाढवता येत नाही, कारण झाड चीक द्यायला साधारण सात वर्षं घेतं. २०२४ च्या पावसाळ्यात केरळात टॅपिंग (झाडाला काप देऊन चीक काढणं) अडलं, तिकडे कंटेनरच्या तुटवड्यात आयातीचा माल अडकला. ऑगस्टमध्ये आरएसएस-४ या प्रतीच्या रबराचा भाव किलोला २४७ रुपयांवर गेला. २०११ चा २४३ रुपयांचा उच्चांक तेरा वर्षांनी मोडला. मी क्रूडचा आलेख बघून खूश होतो ते नेमक्या याच दिवसांत.

नफ्यावर याचा परिणाम किती होतो ते साध्या आकड्यांत बघा. समजा १०० रुपयांच्या विक्रीत ६० रुपये कच्चा माल, २५ रुपये पगार, वीज, वाहतूक वगैरे, आणि १५ रुपये कामकाजाचा नफा. कच्चा माल फक्त ८ टक्क्यांनी महागला तर ६० चे ६४.८० होतात आणि १५ चे १०.२० राहतात. म्हणजे जवळपास एकतृतीयांश नफा गेला. तो भरून काढायला टायर पावणेपाच टक्क्यांच्या वर महाग करावा लागेल, आणि बदली टायरच्या, म्हणजे झिजलेल्या टायरच्या जागी नवे विकण्याच्या, बाजारात कंपन्या एका वेळी एक-दोन टक्क्यांच्या पुढे सहसा जात नाहीत. शेजारच्या कंपनीने भाव वाढवला नाही तर गिऱ्हाईक तिकडे वळतं, ही भीती कायम असते.

अपोलोचे एकत्रित (उपकंपन्या धरून) आकडे हेच दाखवतात. २०२३-२४ मध्ये महसूल २५,४०० कोटींच्या आसपास आणि निव्वळ नफा १,७०० कोटींच्या वर. पुढच्या वर्षी महसूल २६,१०० कोटींवर गेला आणि नफा १,१२० कोटींच्या आसपास उतरला. सगळा दोष रबराचा नाही, त्यात युरोपातल्या कामगारकपातीचा खर्चही आहे, पण मोठा मार कच्च्या मालाचाच.

आजचा भाव आजच्या निकालाला लावणं

पहिल्या चुकीतून सावरलेला माणूस हमखास या दुसऱ्या चुकीत पडतो. मीही पडलो. नोव्हेंबरात रबर उतरलेलं दिसलं आणि वाटलं, चला, डिसेंबरची तिमाही सुटली. सुटली नाही. कारखान्यात आज पडणारं रबर दीड-दोन महिन्यांपूर्वी विकत घेतलेलं असतं, आयातीचं असेल तर त्याहूनही आधी. त्याचा टायर होतो, तो गोदामात थांबतो, मग डीलरकडे जातो. चढ्या भावाचा माल पुढच्या तिमाहीच्या खर्चात येतो आणि उतरत्या भावाचा फायदाही तसाच उशिरा पोचतो.

म्हणून नफा-तोटा पत्रकात फक्त ‘कॉस्ट ऑफ मटेरियल्स कन्झ्यूम्ड’ (वापरलेल्या कच्च्या मालाचा खर्च) ही ओळ बघू नका. तिच्याखाली बाहेरून तयार घेतलेल्या मालाची खरेदी असते आणि त्याखाली ‘चेंजेस इन इन्व्हेंटरीज’ (गोदामातल्या साठ्यातला फरक). तिन्हींची बेरीज करा, विक्रीने भागा आणि ती टक्केवारी सहा-आठ तिमाह्यांची एकाखाली एक लिहून काढा. विक्री वाढून नफा घटला असेल तर पहिलं उत्तर नव्वद टक्के वेळा इथेच सापडतं, असा माझा अनुभव. इन्व्हेंटरीची ओळ मोठी ऋण असेल तर कंपनीने विकला त्याहून बराच जास्त माल बनवला आणि गोदाम भरलं, असा अर्थ. तो माल पुढे स्कीम लावून काढावा लागतो का, हे बघायचं.

डीलरच्या दुकानातही गोदाम असतं, ते मात्र कुठल्याच पत्रकात दिसत नाही. भाववाढीची कुणकुण लागली की डीलर माल भरून ठेवतो. कंपनीची ती तिमाही दणक्यात जाते आणि पुढची मंदावते. उलटंही होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, ट्रॅक्टरच्या टायरवरचा १८ वरून ५. घोषणा त्याच्या काही आठवडे आधी झाली होती. त्या मधल्या दिवसांत जास्त कर भरून दुकान कोण भरेल? अशा तिमाहीवरून मागणीबद्दल मत बनवणं म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूच्या भावावरून वर्षाचं पीक ठरवणं.

गाड्या खपल्या म्हणजे टायर खपले असं धरणं

नवीन गाडीबरोबर टायर जातात हे खरं, पण जगभर कारच्या टायरमध्ये ढोबळमानाने चारातले तीन बदली बाजारात विकले जातात. आज विकलेली गाडी बदली टायरचं गिऱ्हाईक म्हणून तीन-चार वर्षांनी येते. ट्रकचा टायर मालवाहतूक किती चालली यावर झिजतो, आणि ट्रान्सपोर्टरचा हात आखडला की तो नवा घेण्याऐवजी रिमोल्ड करून (जुन्यावर नवा रबराचा थर चढवून) घेतो. गाडी कंपन्यांना दिलेल्या मालावर मार्जिन कमी असतं. कच्च्या मालाप्रमाणे भाव बदलण्याचं कलम तिथे असतं, पण तेही उशिरा लागू होतं. म्हणून वाहनविक्रीच्या महिन्याच्या आकड्यांवर टायरचे शेअर हलतात तेव्हा मी चहा प्यायला उठतो.

एका नावाखालच्या दोन कंपन्या एक समजणं

गुडइयर इंडियाचा शेअर घेऊन ‘जगातल्या मोठ्या टायर कंपनीत पैसे टाकलेत’ असं सांगणारे भेटतात. तुम्ही घेतलेली कंपनी वेगळी आहे. तिचे सुमारे ७४ टक्के शेअर अमेरिकेतल्या मूळ कंपनीकडे आहेत आणि तिची मोठी मदार शेतीच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या टायरवर आहे. कारचे टायर बनतात ते आपल्या वाळूजला, पण तो कारखाना गुडइयर साउथ एशिया टायर्स या समूहातल्या दुसऱ्या, बाजारात नोंद नसलेल्या कंपनीचा. गुडइयर इंडिया ते टायर घेऊन विकते. म्हणूनच तिच्या पत्रकात तयार मालाच्या खरेदीची ओळ एवढी फुगलेली दिसते. उत्पादकाचा नफा आणि विक्रेत्याचा नफा यांत फरक राहणारच.

अपोलोच्या बाबतीत चूक उलटी होते. लोक स्टँडअलोन (फक्त भारतातल्या मूळ कंपनीचे) आकडे वाचतात आणि युरोप विसरतात. २००९ मध्ये घेतलेली नेदरलँड्सची व्रेडेस्टाइन, २०१७ मध्ये सुरू झालेला हंगेरीचा कारखाना, जर्मनीतली रायफेनकॉम ही टायर विकणारी कंपनी, हे सगळं एकत्रित हिशेबात येतं. तिकडचा हंगामही निराळा. बर्फाळ रस्त्यावर जर्मनीत हिवाळी टायर सक्तीचे असल्याने ऑक्टोबर ते डिसेंबर हे युरोपीय धंद्याचे भरभराटीचे महिने. त्या तिमाहीची तुलना आधीच्या तिमाहीशी केली तर भरारी दिसेल, नंतरच्या तिमाहीशी केली तर घसरगुंडी, आणि दोन्ही खोटी. मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी जुळवा. मिशलिन, ब्रिजस्टोन आणि गुडइयर यांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च, हेही शेजारी शेजारी तक्ता मांडताना निसटतं.

मोठी खरेदी म्हणजे मोठी कंपनी असं मानणं

१२ जून २०१३ ला अपोलोने अमेरिकेची कूपर टायर सुमारे अडीच अब्ज डॉलरला, शेअरमागे ३५ डॉलर रोख देऊन, घ्यायचं जाहीर केलं. कूपरची उलाढाल ४ अब्ज डॉलरच्या वर, अपोलोची त्याहून बरीच कमी, आणि पैसे उभे करायचे ते कर्जातून. एकत्र होऊन जगात सातवा क्रमांक मिळणार म्हणून मथळे सजले. दुसऱ्या दिवशी अपोलोचा शेअर साधारण २५ टक्क्यांनी आपटला. बाजार नेहमी शहाणा असतो असं नाही, पण त्या दिवशी त्याने कर्जाची ओळ वाचली होती.

पुढे जे झालं त्याचा ताळेबंदात मागमूसही नव्हता. चीनमध्ये शानतुंग प्रांतात कूपरची ६५ टक्के आणि चंगशान गटाची ३५ टक्के अशी भागीदारी होती. तिथल्या कामगारांनी सौद्याविरुद्ध काम बंद पाडलं आणि भागीदाराने कूपरलाच स्वतःच्या कारखान्याचे हिशेब द्यायचं नाकारलं. इकडे अमेरिकेत लवादाने सांगितलं की कामगार संघटनेशी करार झाल्याशिवाय फिंडली आणि टेक्सारकाना इथले कारखाने हस्तांतरित होणार नाहीत. प्रकरण डेलावेअरच्या न्यायालयात गेलं आणि ३० डिसेंबरला कूपरने सौदा मोडला.

तेव्हा ‘६५ टक्के मालकी’ असं वाचलं की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. उरलेले ३५ टक्के कोणाकडे आहेत, आणि कारखान्याच्या किल्ल्या कोणाच्या खिशात?

कूपर शेवटी २०२१ मध्ये गुडइयरने घेतली. गुडइयरला कर्जाचं दुखणं जुनं आहे. १९८६ मध्ये जेम्स गोल्डस्मिथ या धनाढ्य गुंतवणूकदाराने कंपनी बळकवायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याला घालवायला कर्ज काढून शेअर परत घ्यावे लागले आणि धंद्याचे तुकडे विकावे लागले. कूपरच्या खरेदीनंतर दोनच वर्षांनी, २०२३ मध्ये, २० अब्ज डॉलरच्या विक्रीवर ६८.९ कोटी डॉलरचा तोटा झाला. मग पुन्हा विक्री सुरू: मोठ्या खाणयंत्रांच्या वगैरे टायरचा धंदा योकोहामाला ९०.५ कोटी डॉलरला, डनलॉप हा ब्रँड सुमितोमोला ७०.१ कोटीला, रसायनांचा धंदा ६५ कोटीला. सव्वादोन अब्ज डॉलर होतात.

शेवटची ओळ वाचून पान मिटणं

या विक्रीचा नफा निकालात येतो आणि तिथे डोळा फसतो. २०२५ च्या पहिल्या तिमाहीत गुडइयरने ११.५ कोटी डॉलरचा निव्वळ नफा दाखवला. धंदा विकल्याचा लाभ वगैरे एकदाच्या बाबी बाजूला काढल्या तर १.१ कोटीचा तोटा उरत होता.

उलट दिशेनेही जपायला हवं. मिशलिन आपला विभागनिहाय कामकाजाचा नफा सांगते, त्यात कारखाने बंद करण्याचा खर्च धरलेला नसतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्रान्समधल्या शोले आणि व्हान इथले कारखाने बंद करायचं ठरलं, साडेबाराशे नोकऱ्यांचा प्रश्न होता. अपोलोही नेदरलँड्समधल्या एन्स्खेडेचं उत्पादन २०२६ च्या उन्हाळ्यापर्यंत थांबवणार असल्याचं सांगून चुकली आहे. युरोपात कारखाना बंद करणं स्वस्त नाही. टायर कंपन्या दर दोन-तीन वर्षांनी कुठला ना कुठला कारखाना बंद करतात, त्यामुळे ‘एकवेळचा खर्च’ हे शब्द मी जरा संशयानेच वाचतो. पाच वर्षांचे असे खर्च बेरजेला घ्या आणि पाचाने भागून दरवर्षीच्या नफ्यातून वजा करा. रक्कम बोचते, पण खऱ्याच्या जवळ नेते.

एमआरएफचं मधेच राहिलं. जून २०२३ मध्ये तिचा शेअर लाख रुपयांवर गेला आणि अनेकांना ती जगातली सर्वांत मोठी टायर कंपनी वाटू लागली. तिचे एकूण शेअरच ४२ लाखांच्या आसपास आहेत. पोळ्या कमी लाटल्या की एकेक पोळी मोठी होते, कणीक तेवढीच.

आणि अहवालाच्या मागच्या पानांवरची संभाव्य देण्यांची टीप. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाचा २०१८ चा आदेश बाहेर आला. संगनमताने भाव ठरवल्याबद्दल पाच टायर कंपन्यांना मिळून १,७८८ कोटींच्या वर दंड, त्यात अपोलोचा वाटा ४२५ कोटींच्या वर. डिसेंबर २०२२ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने प्रकरण फेरविचारासाठी आयोगाकडे परत पाठवलं. अशी रक्कम नफ्यातून वजा झालेली नसते, ताळेबंदातही नसते. बारीक टायपात, अहवालाच्या शंभराव्या-दोनशेव्या पानावर, ती फक्त लिहिलेली असते. मी आता अहवाल तिथूनच उघडतो.