गजर बंद करून पुन्हा झोपता? फोन पातेल्यात ठेवा

उशाजवळचा गजर हात आपोआप बंद करतो आणि साडेपाचचे सात वाजतात.

१. रात्री फोन स्वयंपाकघरात, रिकाम्या स्टीलच्या पातेल्यात ठेवा. व्हायब्रेशन चालू असू द्या. असा खणखणाट होतो की उठावंच लागतं (घरचे दोन दिवस बोलतील, बोलू द्या).
२. गजराच्या सेटिंगमध्ये जाऊन स्नूझ बंद करा. ते राहिलं तर बाकी सगळं फुकट.
३. चहाचं आधण मोजून झाकून ठेवा. साखर, पावडर शेजारीच. गजर बंद केला की दिवा लावायचा आणि लगेच गॅस पेटवायचा. आधण उकळेपर्यंत अंथरुणाकडे फिरकायचं नाही.

फक्त फोनचं पातेलं शेगडीवर नको, ओट्याच्या कोरड्या कोपऱ्यात ठेवा. झोपेत भलताच बर्नर पेटायचा.