बावटा आणि बॅरोमीटर: फिट्झरॉयची शिकवण कोकण किनाऱ्यावर कशी वापरावी

'तीन नंबरचा बावटा लागला' म्हणजे काय, हे मिरकरवाड्यापासून मालवणपर्यंत कुणाला सांगावं लागत नाही. ब्रिटिश बंदरांवर अशी वादळाच्या इशाऱ्याची खूण चढवायची पद्धत १८६१ साली रॉबर्ट फिट्झरॉय (१८०५–१८६५) या आरमारी अधिकाऱ्याने सुरू केली. तेविसाव्या वर्षी तो 'बीगल' जहाजाचा कप्तान झाला. जानेवारी १८२९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या माल्दोनादोजवळ, बॅरोमीटर (हवेचा दाब मोजायचं यंत्र) उतरलेला असूनही शिडं वेळेत आवरली गेली नाहीत आणि दोन खलाशी बुडाले. तो दोष त्याने स्वतःकडे घेतला. पुढे ऑक्टोबर १८५९ मध्ये 'रॉयल चार्टर' जहाजावरची सुमारे ४५० माणसं वादळात गेली. मग त्याने किनाऱ्यावरच्या नोंदी तारेने मागवून बंदरांना इशारे द्यायला सुरुवात केली. खुणेचा शंकू टोक वर करून लावला तर उत्तरेचं वादळ, टोक खाली असेल तर दक्षिणेचं.

त्याच्या कामातलं आपल्याला सर्वांत उपयोगी म्हणजे दाबाचा आकडा नव्हे, दाबातला बदल पाहणं. इथेच बहुतेकांची गफलत होते. आपल्याकडे हवेचा दाब रोज आपोआप वरखाली होतो: सकाळी व रात्री दहाच्या सुमारास चढलेला, पहाटे व दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. हा फरक २ ते ४ हेक्टोपास्कल (दाब मोजायचं एकक) असतो. म्हणून दहाची नोंद चारच्या नोंदीशी ताडून घाबरू नका. आज सकाळी दहाचा आकडा कालच्या दहाच्या आकड्याशीच ताडा. त्या ऋतूतल्या नेहमीच्या दाबापेक्षा ३ ने कमी असेल तर सावध व्हा; ५ ने किंवा त्याहून जास्त उतरला असेल तर वादळ जवळ आहे असंच धरा. मोबाइलवर मोजत असाल तर रोज एकाच जागी मोजा, कारण ८ मीटर उंच चढलं की सुमारे १ हेक्टोपास्कल कमी दिसतो. घाटीवरच्या घरातली नोंद आणि धक्क्यावरची नोंद एकत्र करू नका.

वादळ कुठे आहे ते वाऱ्यावरून कळतं. वाऱ्याकडे तोंड करून उभे राहा: केंद्र उजव्या हाताला, थोडं मागे असतं. पहाटेच्या मतलई (जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या) वाऱ्यावर हा अंदाज बांधू नका, तो हमखास चुकतो. डोंगराच्या आडोशाला खाडीतही तेच. उघड्या किनाऱ्यावर जाऊन पाहा.

आता बावटे. १ आणि २ दूरच्या समुद्रातल्या गडबडीचे, ३ आणि ४ तुमच्या बंदराचे. ५ ते ७ धोक्याचे, ८ ते १० मोठ्या धोक्याचे. ५ आणि ८ मध्ये वादळ बंदराला डाव्या हाताला ठेवून जातं, ६ आणि ९ मध्ये उजव्या हाताला, ७ आणि १० मध्ये बंदरावरून किंवा अगदी जवळून. पश्चिमेकडून येणाऱ्या वादळाच्या उजवीकडे वारा समुद्रातून जमिनीवर येतो आणि पाणी लोटतो. म्हणून ६ आणि ९ ला उधाणाची भीती जास्त. ३ जून २०२० ला 'निसर्ग' अलिबागच्या दक्षिणेला धडकलं तेव्हा हर्णै-दापोली याच बाजूला होतं.

चार नंबर लागला की होड्या खाडीत आत घ्या. दोर ताठ बांधू नका. पाणी चढलं की खुंटा उपटतो, नाहीतर दोराला अडकून होडी पाण्याखाली ओढली जाते. ११ नंबर म्हणजे हवामान केंद्राशी संपर्क तुटलाय आणि बंदर अधिकाऱ्याला धोका वाटतोय. तेव्हा वहीतल्या तुमच्या सकाळी दहाच्या नोंदींवरच ठरवावं लागतं.