आबाजीचा कलमाचा चाकू अखेर उघडला

आमचे आबाजी वरुडकडं संत्र्याची कलमं बांधायचे, जंबेरी लिंबाच्या रोपावर (खुंटावर) संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची कळी, बसवायला एक घडीचा चाकू होता त्यांच्याकडं. ते गेल्यावर तो गोठ्यातल्या डब्यात पडून इतका गंजला की पातं उघडेचना. पकडीनं ओढू नका हं, टोक तुटतं. मी रात्रभर डिझेलमधे बुडवला, सकाळी जरासं हललं, मग अजून एक दिवस ठेवला आन हळूहळू उघडझाप करत जो काळा चिखल निघाला तो जुन्या टूथब्रशनं काढला. नंतर पॉलिश पेपर, 400 नंबरचा, मग 800, शेवटी बारीक 1000, तेल लावून लांबीच्या दिशेनंच घासला. वेल्डिंगवाला म्हणे, "ग्रायंडरवर आण ना बे, दोन मिनटाचं काम हाय." पण पातळ पातं तापून निळं पडलं की पाणी उतरतं, म्हणजे पोलादाचा कडकपणा जातो, धार टिकत नाही, म्हणून नाही म्हटलं.

खरी चूक पुढं. घरात जवसाचं तेल होतं तेच सांध्यात सोडलं, आठ दिवसात चाकू परत जाम! हे तेल वाळून चिकटतं, सागवानी मुठीला मस्त, पण सांध्याला शिलाई मशीनचंच पाहिजे. परत डिझेल, परत ब्रश.

धार एकाच बाजूनं लावली, दुसरी बाजू सपाट ठेवली, कलमाचा काप सरळ येतो. गंजाचे खड्डे राहिलेच, ते घासत बसलो असतो तर पातं उरलं नसतं. आता आजी म्हणते, "लिंबू काप त्याच्यानं." आजी, लिंबानं काळे डाग पडतात ना त्याले!