टक्का कशाचा, हे आधी विचारा

टक्का म्हणजे शंभरामागे किती. जुनी माणसं शेकडा म्हणतात, अर्थ तोच. गणित अडतं ते भागाकारात नाही. शंभर कशाला धरलेत, तिथं गडबड होते.

मोंढ्यात नेलेल्या सोयाबीनचा ओलावा (आडतीवर ‘हवा’) यंत्रावर 18 दाखवला. हमीभावाच्या निकषात 12 पर्यंत चालतो. वाळवल्यावर क्विंटलमागे घट किती? 18 वजा 12, म्हणजे 6 किलो, असं बहुतेक जण सांगतात. चूक. 100 किलोत पाणी 18, कोरडा माल 82 किलो. उन्हात पाणी उडतं, हे 82 किलो तसेच राहतात. पण आता ते नव्या वजनाच्या 88 टक्के असतात. 82 भागिले 88, गुणिले 100, म्हणजे 93.18 किलो. घट 6.82 किलो. 6 आणि 6.82 मधला हा फरक वीस क्विंटलला 16 किलोंवर जातो. भावही यावरच ताडून पाहा: ओल्या मालाला 4,000 मिळत असतील, तर वाळलेल्याला निदान 4,293 मिळाले पाहिजेत. वाळवणीची मजुरी त्यावर.

सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवण तपासतानाही हीच चूक होते. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत 100 दाणे मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा आणि तीन-चार दिवसांनी चांगले कोंब मोजा. निवडून टपोरे दाणे घेऊ नका, आकडा फुगतो. 70 उगवले तर एकरी 30 किलो पुरतं. 60 च उगवले तर? ‘दहा टक्के कमी, म्हणून दहा टक्के जास्त’ धरून 33 किलो पेरलं तर रोपं विरळ होतात. 30 गुणिले 70 भागिले 60, म्हणजे 35 किलो लागतं.

सावकारी व्याजात शंभराचा घोळ नसतो, मुदतीचा असतो. ‘दोन रुपये शेकडा’ हे महिन्याचं बोलणं. वर्षाचे 24 टक्के झाले. बँकेच्या 12 टक्क्यांशेजारी ते ‘दोन’ स्वस्त वाटतात, म्हणून आधी बाराने गुणा. 50,000 वर वर्षाचं व्याज 12,000. ते आधीच कापून 38,000 हातात ठेवले, तर शंभर त्या 38,000 वर धरायचे: दर 31.6 टक्के पडतो.