चर्चचा वीट आलाय पण येशू सुटत नाहीये, तर काय करायचं

काही जणांना चर्चच्या दारात पाऊल टाकलं की पोटात गोळा येतो, आणि तरी रात्री झोपताना प्रार्थना केल्याशिवाय राहवत नाही. कमिटीचं राजकारण बघून झालंय, पैशाचा हिशोब विचारला की तोंडं वाकडी होतात, पाळकांबद्दल काही बोललं की लगेच "अभिषिक्ताला (म्हणजे देवाने निवडलेल्या माणसाला) हात लावू नका" हे बायबलचं वचन तोंडावर मारलं जातं. मग बहुतेक लोक दोनच रस्ते बघतात, एक तर दात ओठ खाऊन दर रविवारी जात राहायचं नाहीतर देवासकट सगळंच सोडून द्यायचं. मधे बरीच जागा आहे, तिथे कसं राहायचं ते बघू.

(ते अभिषिक्ताचं वचन स्तोत्र 105 मधलं आहे आणि ते अब्राहाम, इसहाक, याकोब परक्या देशांत फिरत होते त्याबद्दल आहे, हिशोब विचारण्याशी त्याचा काही संबंध नाही. आणि दावीद तर खराखुरा अभिषिक्त राजा होता तरी त्याने पाप केल्यावर नाथान संदेष्ट्याने त्याला समोर उभं राहून तो माणूस तूच आहेस असं सुनावलंच ना. पुढच्या वेळी कोणी ते वचन फेकलं तर हे लक्षात असू द्या.)

सगळ्यात आधी नेमकं काय दुखलंय ते लिहून काढा, मोबाईलच्या नोट्समध्ये लिहिलं तरी चालेल. "चर्च वाईट आहे" असं मोघम नको, घटना लिहा, कोण काय बोललं, कधी बोललं, तेव्हा बाकीचे गप्प बसले का. मग प्रत्येक घटनेपुढे टाका की हे एका माणसाचं वागणं होतं, का तिथली व्यवस्थाच तशी आहे, का शिकवणच तशी होती. हे वेगळं करायचं कारण उपाय वेगळे आहेत. एका माणसाचा त्रास असेल तर दुसऱ्या मंडळीत, म्हणजे दुसऱ्या चर्चमध्ये, निभावतं. व्यवस्थाच बिघडलेली असेल, म्हणजे सगळ्या चाव्या दोघातिघांकडेच आणि विचारणारा कोणी नाही, तर नवीन ठिकाणी जाताना आधी तेच तपासायचं. पण शिकवणच जर अशी असेल की तू हजर असशील, दशांश (कमाईचा दहावा भाग) वेळेवर देशील, सेवेत पुढे असशील तरच देव खूश, तर नुसतं चर्च सोडून काही होत नाही कारण तो आवाज डोक्यात बसून तुमच्याबरोबर घरी येतो. हा तिसरा प्रकार सगळ्यात चिवट.

प्रार्थना जमत नसेल तर गोड शब्द शोधत बसू नका, तक्रार करा. स्तोत्र 55 काढा, त्यात म्हटलंय की शत्रूने निंदा केली असती तर सोसली असती, पण हा तर माझा मित्र, ज्याच्याबरोबर मी लोकांच्या घोळक्यातून देवाच्या मंदिरात जायचो. आपल्यातल्याच माणसाने केलेली जखम बायबलमध्ये छापून आलीय, त्यामुळे तुम्ही रडलात म्हणून तुमचा विश्वास कच्चा आहे असं कोणी म्हणत असेल तर त्याला म्हणू द्या.

आता कृपा, म्हणजे न कमावता देवाकडून फुकट मिळणारी माया. इथे जरा थांबून वाचायचंय. लूक 15 मधली उधळ्या पुत्राची गोष्ट तुम्हाला पाठ असेल, संडे स्कूलमध्ये नाटकसुद्धा केलं असेल, पण एक काम करा, 19 वी ओवी आणि 21 वी ओवी शेजारी ठेवून बघा. बापाचा पैसा उधळून झाल्यावर डुकरांमध्ये बसून पोरगं घरी जाऊन बोलायचं भाषण तयार करतं, मी पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला मोलकऱ्यासारखं (रोजंदारीच्या गड्यासारखं) ठेवा. घरी पोचल्यावर पहिली दोन वाक्यं बोलतं, तिसरं येतच नाही, कारण बाप मधेच नोकरांना सांगायला लागतो झगा आणा, अंगठी घाला, जोडे द्या. मोलकरी होऊन फेडायची ऑफर बापाने ऐकूनच घेतली नाही! आणि त्याच्याही आधी, पोरगं अजून लांब असताना बाप धावत गेलाय, गळ्यात पडलाय, तेव्हा तर माफीचं एक अक्षरही निघालेलं नव्हतं. आठवडाभर एवढंच वाचा, बाकी काही नको, आणि दिवसभरात स्वतःला पकडा की मी कुठे कुठे मोलकऱ्याचं वाक्य बोलतोय. रविवारी गेलो नाही म्हणून आजारी पडलो असं वाटणं, प्रार्थना चुकली म्हणून उद्याची दुप्पट करणं, हे सगळं तेच वाक्य. इफिसकरांस पत्र 2:8-9 मध्ये तारण हे देवाचं दान आहे, कर्मांनी झालेलं नाही असं सरळ लिहिलंय, आणि दानाचे हप्ते भरायचे नसतात.

आपण पहिले नाही हेही माहीत असू दे, त्याने एकटेपणा कमी होतो. 1517 मध्ये जर्मनीत मार्टिन लूथरने 95 मुद्दे काढले ते ह्याच गोष्टीवरून, पापाची शिक्षा माफ झाली असं सांगणारी क्षमापत्रं विकून चर्च लोकांना खोटा दिलासा देत होतं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झाला आणि नंतर तिथल्या चर्चवाल्यांशी त्यांची पत्रांतून चांगलीच वादावादी झाली, एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या जोखडाखाली मान द्यायला बाई तयार नव्हत्या. पुढे त्यांनीच सांगितलंय की बाप्तिस्मा झाला तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त सापडला तो साधारण आठ वर्षांनी. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा झालेले न झालेले दोन्ही चालायचे. ह्यातल्या कोणीही येशूला सोडलं नाही.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगायला हवी. कृपेच्या नावाखाली प्रकरण दाबणं चालू असेल तर त्याला बळी पडू नका. पैसे खाल्ले, कोणावर हात टाकला, मुलांना त्रास दिला, आणि वरून "क्षमा करा, चर्चची बदनामी नको", असं कोणी सांगत असेल तर सरळ पोलिसांत तक्रार करा, पुरावे जपून ठेवा, त्यासाठी कमिटीची परवानगी लागत नाही. जर्मन धर्मशास्त्रज्ञ बोनहोफरने अशा कृपेला स्वस्त कृपा म्हटलं होतं, ज्यात पश्चात्ताप नाही, काही बदलत नाही, फक्त माफीचा शिक्का. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाचं बघा, येशू आधी त्याच्या घरी गेला, अट घातली नाही, पण कृपा खरंच आत गेल्यावर तो माणूस उठून म्हणाला ज्याला लुबाडलंय त्याला चौपट परत देतो. चौपट सोडा, मूळ रक्कमसुद्धा परत न करता जो स्टेजवर साक्ष देतो त्याच्यापासून लांब राहा. मनातून क्षमा करायला वेळ लागला तरी हरकत नाही, आणि केली तरी त्या माणसाला परत किल्ल्या द्यायच्या असा अर्थ होत नाही.

सुट्टी घ्यायची असेल तर खुशाल घ्या, पण पूर्ण एकटे पडू नका. विश्वासातली दोन-तीन माणसं शोधा, येशूने मत्तय 18 मध्ये तेवढाच आकडा दिलाय. दान द्यायची सवय असेल तर ते थेट गरजू माणसाला द्या. नवीन मंडळी बघायला गेलात तर गाणी कशी आहेत ते नंतर, आधी विचारा की हिशोब सगळ्यांसमोर वाचतात का, पाळक चुकले तर त्यांना कोण विचारतं, आणि इथून निघून गेलेल्या लोकांबद्दल कसं बोलतात. शेवटच्या प्रश्नातून सगळं कळतं.

आणि उधळ्या पुत्राच्या मोठ्या भावापासून सावध. तोसुद्धा लूक 15 मध्येच आहे, अंगणात रुसून उभा, धाकट्याला "माझा भाऊ" न म्हणता "हा तुमचा मुलगा" म्हणणारा. चर्चमधून बाहेर पडलेल्या माणसाचं हळूहळू असं होतं की देवा तुझे आभार, मी त्या ढोंगी चर्चवाल्यांसारखा नाही, आणि ही तर लूक 18 मधल्या, स्वतःला फार धार्मिक समजणाऱ्या परूश्याची प्रार्थना झाली, फक्त जागा बदलली. त्यांच्यावर राग असू दे, पण तीच कृपा त्या आडमुठ्या कमिटी मेंबरलाही फुकटच मिळते हे पचवायला लागतं, ते लगेच पचणार नाही.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. रागाच्या भरात सदस्यत्वाचा राजीनामा देऊ नका. लग्न, दफन, मुलांचे दाखले अशा वेळी रजिस्टरमधलं नाव बऱ्याच ठिकाणी लागतं, आणि तेव्हा तुम्ही नाहीतर तुमच्या घरचे त्याच लोकांच्या दारात उभे असता. काही महिने जाऊ द्या, दुसरीकडे नाव लागलं की मग शांतपणे लेखी कळवा. त्याआधी ऑफिसातून बाप्तिस्म्याच्या दाखल्याची कॉपी काढून आणा आणि तिचा फोटोपण काढून ठेवा.